जुन्या आर्केड मशीनची ट्यूब काढून फेकायला सांगू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुनी आर्केड मशिन्स, म्हणजे नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची कपाटं, घरी आणून दुरुस्त करण्याच्या छंदावर लेख आला होता, तो मी सकाळी एकदा वाचला आणि दुपारी परत एकदा. या विषयावर मराठीत कोणी फारसं लिहितच नाही, त्यामुळे खूप आनंद झाला आणि लिहिणाऱ्याचे मनापासून आभार. पण त्यात दोन गोष्टी अशा आहेत की मला स्वस्थ बसवेना. एक म्हणजे मशीनचं मागचं दार उघडा आणि आत हात घालून सगळं साफ करून घ्या असं सरळ सांगितलंय, विजेबद्दल एक ओळसुद्धा नाही. दुसरी म्हणजे जुनी पिक्चर ट्यूब आणि जुना बोर्ड, म्हणजे गेमचं सर्किट, काढून टाकायचा, त्या जागी फ्लॅट स्क्रीन आणि हजार गेम भरलेला डबा बसवायचा, आणि याला लेखात रिस्टोरेशन म्हटलंय. मी गेली बारा वर्षं घरच्या एका खोलीत हेच काम करतोय, म्हणून पत्र लांबलं तरी लिहितोच.

आधी विजेचं, कारण ते जिवाशी आहे.

या मशीनमध्ये जुन्या टीव्हीसारखी काचेची ट्यूब असते, सीआरटी. कलर ट्यूब असेल तर तिला २० हजार व्होल्टच्या वर व्होल्टेज लागतं, ते फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर तयार करतो आणि एका जाड वायरने ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली पोचवतो. आता ट्यूबच्या काचेला आतून एक लेप असतो, बाहेरून काळा ग्राफाइटचा लेप असतो, मधे काच, म्हणजे ती ट्यूब स्वतःच एक मोठा कपॅसिटर, चार्ज साठवणारी वस्तू, झाली, त्यामुळे प्लग काढला म्हणजे करंट गेला असं इथे नसतंच. मशीन बंद करून दोन दिवस झाले तरी आत चार्ज असू शकतो. तो काढायचा म्हणजे चांगल्या जाड मुठीचा लांब चपटा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याच्या लोखंडी दांड्याला क्लिपची वायर लावायची, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून जी वेणीसारखी उघडी तार जाते तिला लावायचं, हे सगळं आधी, आणि मगच स्क्रूड्रायव्हरचं टोक टोपीखाली हळूच सरकवायचं, दुसरा हात पाठीमागे. टच्चकन आवाज येतो, कधी येत नाही. थोडं थांबून परत एकदा करायचं, कारण चार्ज थोडा परत गोळा होतो. आणि पहिल्यांदा करताना एकट्याने करू नका, ज्याने आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेत असा माणूस शेजारी बसवा.

अजून एक. बऱ्याच मॉनिटरची चेसिस, म्हणजे ट्यूब चालवणारं सर्किट बसवलेली लोखंडी चौकट, ही घरातल्या मेन लाइनपासून वेगळी केलेली नसते, तिला आम्ही लोक हॉट चेसिस म्हणतो, म्हणून कॅबिनेटच्या तळाशी एक जड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. मशीन उचलताना फार जड होतंय म्हणून तो काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत. तो काढून मॉनिटर सरळ प्लगला जोडला की त्या चेसिसची लोखंडी पट्टीसुद्धा धोक्याची होते. हे तुमच्या लेखात यायलाच हवं होतं.

ट्यूबच्या मानेचंही सांगतो. ट्यूबच्या मागच्या टोकाला जी बारीक काचेची मान असते, बोटभर जाडीची, तिच्यावर एक छोटा बोर्ड अडकवलेला असतो. सुरुवातीच्या काळात मी एका कॅबिनेटच्या आत डोकं घालून वायर मोकळी करत होतो आणि माझं कोपर त्या मानेला लागलं. जोरात नव्हतं लागलं. टिक् असा आवाज आला आणि मग स्स्स असा बारीक आवाज, तीन-चार सेकंद. मला तेव्हा कळलंच नाही काय झालं ते. टॉर्च मारून बघितलं तर मानेजवळ काचेच्या आतून जो चंदेरी डाग असतो, ज्याला गेटर म्हणतात, तो दुधासारखा पांढरा झालेला. चंदेरी म्हणजे आत व्हॅक्यूम शाबूत, पांढरा म्हणजे हवा शिरली. चाळीस वर्षं ती ट्यूब व्यवस्थित टिकली होती, आणि मी ती चार सेकंदात घालवली. आजही कॅबिनेटमध्ये वाकलो की आधी कोपरं अंगाशी घेतो. अशा ट्यूब आता नव्याने बनत नाहीत म्हटलं तरी चालेल, जी गेली ती गेली, आणि म्हणूनच कोणी चालू ट्यूब काढून फेका असं छापलं की माझा जीव खालीवर होतो.

आता त्या फ्लॅट स्क्रीनच्या सल्ल्याकडे येतो.

माझ्याकडे अटारी कंपनीचं अ‍ॅस्टेरॉइड्स आहे, १९७९ चं, लायल रेन्स आणि एड लॉग यांनी केलेला, अंतराळात दगड फोडायचा गेम. यात जॉयस्टिकच नाही, पाच बटणं, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे ढकला, गोळी झाडा आणि हायपरस्पेस, म्हणजे यान झटकन दुसरीकडे नेणारं. याचा मॉनिटर टीव्हीसारखा नाही. टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक ओळ करत सगळा पडदा भरून काढतो. अ‍ॅस्टेरॉइड्समध्ये बोर्ड त्या झोताला सांगतो की या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, आणि झोत सरळ तिथे जातो, जशी आपण पाटीवर पेन्सिलने रेघ ओढतो तशी. याला व्हेक्टर मॉनिटर म्हणतात. रेघेला पायऱ्या नसतात, पिक्सेल नावाची गोष्टच नसते. आणि गोळी म्हणजे काय, तर झोत एकाच ठिपक्यावर थांबतो, त्यामुळे तो ठिपका बाकी सगळ्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त पेटतो. रात्री खोलीतला दिवा घालवून खेळून बघा, दगडांच्या रेघा फिकट निळसर पांढऱ्या दिसतात आणि गोळी अशी चमकते की तिच्याभोवती काचेत बारीकसं वलय दिसतं, आणि ती निघून गेल्यावर क्षणभर मागे शेपटी राहते. फ्लॅट स्क्रीनवर तीच गोळी म्हणजे चार पांढरे पिक्सेल. गेम तोच, कोड तोच, नियम तेच, पण ज्याने एकदा खरं बघितलंय त्याला त्या चार पिक्सेलकडे बघवत नाही, निदान मला तरी नाही.

कोणी म्हणेल व्हेक्टरवाले गेम थोडेच, बाकीच्यांचं काय. बाकीच्यांचंही तसंच आहे हो. स्पेस इनव्हेडर्स घ्या, तैतो कंपनीचा, १९७८, तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला. त्याच्या अमेरिकेतल्या उभ्या कॅबिनेटमध्ये मॉनिटर खेळणाऱ्याच्या समोर नसतोच, आत खाली बसवलेला असतो, आणि आपल्याला दिसतं ते अर्ध्या पारदर्शक आरशातलं त्याचं प्रतिबिंब. आरशाच्या मागे चंद्राचं रंगवलेलं चित्र, त्यामुळे ते परग्रहवाले खरंच चंद्रासमोर तरंगल्यासारखे दिसतात. मॉनिटर ब्लॅक अँड व्हाइट, रंग कुठून येतो तर वर चिकटवलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमधून. आता हे सगळं काढून समोर फ्लॅट स्क्रीन ठोकला की आरसा गेला, चंद्र गेला, पट्ट्या गेल्या, मग राहिलं काय, वरचं नाव लिहिलेलं लाइटचं खोकं. एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, त्या गेममध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात पळायला लागतात ना, तो वेग मुद्दाम प्रोग्राम केलेला नव्हता. दोन मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८० प्रोसेसर, त्याला एवढे सगळे शत्रू हलवताना वेळ लागायचा, ते मेले की त्याचं ओझं कमी व्हायचं आणि उरलेले आपोआप भराभर हलायचे. निशिकादोंनी ते बघितलं आणि तसंच ठेवलं. मशीनची कमतरता हाच गेमचा जीव झाला. म्हणून मला मशीन महत्त्वाचं वाटतं, नुसता गेम नाही.

पॅकमॅन तर सगळ्यांना माहितीये, नामकोचा, १९८०, तोरु इवातानी यांचा. त्याची जॉयस्टिक चारच दिशांना जाते, वर खाली डावीकडे उजवीकडे. तयार मिळणाऱ्या किटमध्ये आठ दिशांची जॉयस्टिक येते आणि लोक तीच बसवतात. मग वळणावर हात जरा तिरका गेला की पॅकमॅन वळतच नाही, आणि खेळणाऱ्याला वाटतं गेम जुना आहे म्हणून असं होतंय. जॉयस्टिकच्या खाली तिरक्या दिशा अडवणारी प्लेट असते, नुसती ती बदलली की तो परत लोण्यासारखा वळतो. लेख लिहिणाऱ्यांनी नियंत्रणं ढिली वाटतात असं लिहिलंय, मला शंका आहे की हेच झालं असावं.

आता दुरुस्ती घरी खरंच जमते का, याबद्दल. लेखात जुने बोर्ड दुरुस्त होत नाहीत असं एक वाक्य आहे, ते मला अजिबात पटलं नाही. या काळातले बोर्ड दुरुस्त करता येतात, आजच्या बोर्डपेक्षा कितीतरी सोपे, कारण चिप मोठ्या, पाय मोजता येतील असे, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट छापलेलं. माझं अ‍ॅस्टेरॉइड्स आलं तेव्हा मेलेलं होतं. मी ते आल्या आल्या प्लगला लावलं नाही आणि कोणीही लावू नका. आधी आतली सगळी धूळ, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, कॉइन बॉक्समध्ये पडलेले स्क्रू, हे काढलं. मग बोर्डचा आणि मॉनिटरचा कनेक्टर काढून फक्त पॉवर सप्लाय चालू केला आणि मल्टिमीटर लावला. अटारीच्या या सप्लायमध्ये एक भलामोठा निळा कपॅसिटर असतो, सुमारे २७ हजार मायक्रोफॅराडचा, जगभरचे लोक त्याला बिग ब्लूच म्हणतात. तो आतून सुकलेला असेल तर बोर्डला मिळणारे पाच व्होल्ट थरथरायला लागतात आणि गेम सारखा रिसेट होतो. माझा सुकलेलाच होता. बदलला.

तरी बोर्डवर पाच व्होल्टच्या जागी ४.६ च दिसायचे. इथे शंभरातले नव्वद लोक एक चूक करतात, सप्लायवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवतात. वाढवलं की चालतंही, आठवडाभर. पण खरा दोष बोर्डच्या कडेला जो लांब कनेक्टर बसतो त्यात असतो, त्याच्या पितळी पट्ट्या वर्षानुवर्षं काळवंडलेल्या असतात, तिथे व्होल्टेज पडतं आणि तिथेच उष्णता तयार होते, आणि तुम्ही सप्लाय वाढवलात की ती जागा अजून तापते, शेवटी कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी होतं आणि बोर्डची कड जळते. मी बोर्डच्या कडा साध्या पांढऱ्या खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्या, कनेक्टरच्या पॉवरच्या पट्ट्या नव्या घातल्या, आणि स्क्रूला हात न लावता ५.०२ आले. ते ५.०२ बघून जो आनंद झाला तो कसा सांगू.

पण गेम तरी सुरू होईना. अटारीने कॉइन डोअरच्या आत सेल्फ टेस्टचा एक स्विच ठेवलेला असतो, तो टाकला की बोर्ड स्वतःची रॅम (तात्पुरती मेमरी) आणि रॉम (गेम साठवलेल्या चिप) तपासतो, आणि स्क्रीनवर काही येत नसलं तरी आवाजाच्या सुरांवरून कुठली रॅम गेलीये ते सांगतो. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसांनी हा विचार करून ठेवलाय की उद्या कोणीतरी अंधाऱ्या स्क्रीनसमोर बसून हे दुरुस्त करणार आहे, त्याला निदान कानाने कळू दे. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. माझी एक २११४ नावाची रॅम गेलेली होती, या बोर्डवर त्या सहा असतात आणि हमखास जातात. बोट लावलं तर बाकीच्या कोमट, ही चटका देणारी. अशी चिप काढताना ती वाचवायचा प्रयत्न करायचा नाही, मेलीच आहे ती. बारीक कटरने तिचे अठराच्या अठरा पाय अंगालगत कापायचे, मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्नने तापवून चिमट्याने हळूच ओढायचा, म्हणजे बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक उचकटत नाहीत. मग भोकं साफ करून तिथे सॉकेट बसवायचं आणि सॉकेटमध्ये नवी चिप. पुढच्या वेळी गेली तर दोन मिनिटांचं काम. चिप महत्त्वाची नाही, बोर्ड महत्त्वाचा, हे ज्याला कळलं त्याला ही दुरुस्ती जमली.

मशीन चालू केलं आणि ट्यूबमध्ये एकदम पांढऱ्या रेघांचे दगड तरंगायला लागले आणि गेम सुरू करताच ती धप्प धप्प अशी हृदयाच्या ठोक्यांसारखी धून सुरू झाली, रात्रीचे दोन वाजले होते, मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. मशीन बंद केलं की त्यातले स्कोर पुसले जातात, अ‍ॅस्टेरॉइड्स ते साठवत नाही, त्यामुळे माझ्या बायकोने त्या रात्री काढलेल्या स्कोरचा आणि तिने टाकलेल्या तीन अक्षरांचा मी फोटो काढून ठेवलाय.

आणि हो, बंद ट्यूबकडे तिरक्या उजेडात बघा. माझ्या ट्यूबच्या काचेत खाली कंपनीच्या कॉपीराइटची ओळ आणि वरचे स्कोरचे आकडे पुसट जळून बसलेत. पॅकमॅनच्या ट्यूबमध्ये तर अख्खा भुलभुलैया उमटलेला असतो. बरेच जण याला दोष म्हणतात आणि ट्यूब बदला म्हणतात. मला तो दोष वाटत नाही, इतकी वर्षं इतके लोक त्याच्यासमोर उभे राहिले त्याची ती खूण आहे.

बॅटरीबद्दल लेखात काहीच नाही, ते लिहायलाच पाहिजे, कारण जुन्या बोर्डांचा सर्वात मोठा शत्रू तीच. स्कोर किंवा सेटिंग लक्षात ठेवायला काही बोर्डांवर छोटी रिचार्जेबल बॅटरी सोल्डर केलेली असते, ती म्हातारी झाली की तिच्यातून रसायन गळतं आणि ते आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खात सुटतं, वरून हिरवी-निळी बुरशी लागल्यासारखं दिसतं. मी एका विकणाऱ्याकडून चालू स्थितीत आहे असं सांगितलेला एक बोर्ड घेतला, फोटोत सगळं झकास, आणि घरी येऊन बघतो तर बॅटरीच्या जागेवर एक स्टिकर चिकटवलेला. स्टिकर उचलला तर खाली बॅटरी तोडून टाकलेली आणि ट्रॅक पार खाल्लेले, एका चिपचे चार पाय तर नुसत्या स्पर्शाने गळून पडले. विचारल्यावर उत्तरच नाही. पैशाचं जाऊ दे, पण त्याने गळती झाल्या झाल्या तो बोर्ड धुतला असता तर वाचला असता, लपवण्यात त्याने तो मारला याचा मला खरा संताप आला. गळतीचं रसायन अल्कधर्मी असतं, त्यामुळे पांढऱ्या व्हिनेगरने कापसाच्या बोळ्याने पुसायचं, फसफसणं थांबलं की स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पॉवर नाही. आणि तुमच्याकडे असा बोर्ड असेल आणि बॅटरी अजून गळली नसेल तर आजच काढा, त्या जागी बोर्डपासून लांब, वायरने जोडलेली वेगळी बसवता येते.

फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. १९९३ पासूनच्या कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-२ नावाच्या बोर्डांमध्ये बॅटरी अशीच काढायची नसते. तिथे गेमचा कोड एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली बॅटरीवर जिवंत ठेवलेल्या मेमरीत असते, बॅटरी संपली की किल्ली गेली आणि बोर्ड नुसता एका रंगाचा पडदा दाखवत बसतो. जगभर छंदी लोक याला सुसाइड बॅटरी म्हणतात. पुढे याच छंदी लोकांनी ते एन्क्रिप्शन उलगडलं आणि किल्ली परत भरायची पद्धतही शोधली, त्यामुळे मेलेले बोर्ड परत उभे राहतायत, पण माहिती नसताना हात लावू नका.

इथे कोणाला वाटेल की मी एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तेच गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, विरोधात आहे. अजिबात नाही. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ च्या फेब्रुवारीत मेम नावाचा एम्युलेटर लोकांसमोर ठेवला, तो नसता तर निम्म्या गेमचा कोड आज कुठेच उरला नसता असं माझं मत आहे. या बोर्डांवर गेम ज्या चिपमध्ये असतो त्या ईप्रॉमला वरून काचेची छोटी खिडकी असते, अल्ट्राव्हायोलेट किरणांनी पुसता यावं म्हणून, आणि त्या खिडकीवर कंपनीचं लेबल चिकटवलेलं असतं. ते लेबल सोलू नका, उजेड हळूहळू आतला डेटा पुसतो. आणि नाही सोललं तरी इतक्या वर्षांनी एखादा बिट आपोआप पडतो. अशा वेळी मेमच्या लोकांनी जपून ठेवलेल्या कोडशी आपली चिप ताडून बघता येते आणि नवी चिप भरता येते, मी स्वतः कितीतरी बोर्ड असे जिवंत केलेत. कोड त्यांनी इतका इमानदारीने जपलाय की पॅकमॅनच्या २५६ व्या लेव्हलला, आठ बिटचा आकडा उलटल्यामुळे अर्ध्या पडद्यावर जो कचरा येतो, तोसुद्धा तसाच्या तसा येतो. पण कोड कॉपी होतो हो. ट्यूब कॉपी होत नाही, आरसा होत नाही, त्या बटणाचा अंगठ्याखाली लागणारा दाब होत नाही. म्हणून कोड मेमने सांभाळावा आणि मशीन आपण, एवढंच माझं म्हणणं.

लाकडाचं थोडक्यात. बरीच कॅबिनेट दाबलेल्या भुशाच्या बोर्डची असतात, खालून पाणी लागलं की पावासारखी फुगतात. तेवढाच खालचा भाग कापून नवा जोडता येतो, अख्खं कॅबिनेट टाकायची गरज नसते. बाजूचं चित्र मात्र घासू नका. बऱ्याच मशीनवर ते स्टेन्सिल लावून रंगवलेलं आहे, आणि थोडं खरचटलेलं मूळ चित्र हे गुळगुळीत नव्या स्टिकरपेक्षा कधीही मोलाचं. लेखासोबतच्या फोटोत सँडर, म्हणजे घासायचं मशीन, फिरवलेलं कॅबिनेट दिसतंय, ते बघून खरंच वाईट वाटलं.

आता न्यायाचं बोलायचं तर एक बाजू मला मान्य आहे. आर्केड चालवणारे लोक स्वतःच मशीन बदलत आले. जुना गेम चालेनासा झाला की आतला बोर्ड आणि वरचं नाव बदलून त्याच कॅबिनेटमध्ये नवा गेम, १९८० च्या दशकाच्या मध्यात जामा नावाचा ५६ पिनांचा कनेक्टर ठरला तो याचसाठी, की एक बोर्ड काढावा आणि दुसरा खुपसावा. निन्टेंडोचा डाँकी काँग, १९८१ चा, ज्यातून तो बनवणारे शिगेरू मियामोतो जगाला माहीत झाले, तोसुद्धा अमेरिकेत आधी रडार स्कोप नावाच्या न विकल्या गेलेल्या मशीन बदलूनच उभा राहिला. त्यामुळे तुम्हाला नुसता रिकामा सांगाडा मिळाला, आत ना ट्यूब ना बोर्ड ना वायर, तर त्यात खुशाल फ्लॅट स्क्रीन बसवा, मुलांना खेळू द्या, मी टाळ्या वाजवीन. प्रश्न फक्त जे अजून पूर्ण आहे ते मोडण्याचा आहे. आणि मोडायचंच असेल तर काढलेली ट्यूब, चेसिस, बोर्ड, वायरिंगचा गुंता सुद्धा, खोक्यात भरून ठेवा, फेकू नका, पुढच्या माणसाला परत बसवता येईल. ट्यूबच्या पाठीवरच्या लेबलवरचा नंबर आणि कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यावरचा सिरियल नंबर यांचा फोटो काढून ठेवा.

अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियममध्ये किंवा न्यू हॅम्पशायरच्या फनस्पॉटमधल्या आर्केड म्युझियममध्ये ही मशिन्स चालू ठेवली जातात, लोक येऊन खेळतात. पण जगातली सगळी मशिन्स म्युझियममध्ये मावणार नाहीत, बाकीची आपल्यासारख्यांच्या घरात, गॅरेजमध्ये, जिन्याखालीच राहणार आहेत.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी त्याच पानावर एक छोटी चौकट छापावी. त्यात एवढंच असू दे, की प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा चार्ज राहतो, जाणत्या माणसाशिवाय हात घालू नका, आणि चालणारी किंवा दुरुस्त होण्यासारखी ट्यूब आणि बोर्ड काढून टाकू नका. लेख वाचून कोणीतरी या आठवड्यात मशीन उघडणार आहे, त्याने उघडायच्या आत त्याच्या हातात ती चौकट पडावी असं मला मनापासून वाटतं. लेख लिहिणाऱ्यांना हवं असेल तर त्यांनी एकदा माझ्याकडे यावं, दिवा घालवून अ‍ॅस्टेरॉइड्स खेळून बघावं, पहिली गोळी झाडेपर्यंत मी काही बोलणार नाही.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक